वर वळलेली रेघ

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. सहारच्या कार्गोमध्ये पार्सल दोन दिवस अडकलं आणि परळला आमच्या प्रयोगशाळेत पोचलं तेव्हा पुठ्ठा भिजून मऊ पडला होता, आतले जेल पॅक कोमट. मधोमध 50 मायक्रोग्रॅमची कुपी: सस्तन प्राण्याच्या पेशींत तयार केलेलं मानवी कॅथेप्सिन डी, गोठवून सुकवलेली पूड. लायसोसोममधलं, म्हणजे पेशीच्या पचनाच्या पिशवीतलं, हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम. ते जन्मतः नसलं तर मुलांच्या मेंदूवर फार गंभीर परिणाम होतो, म्हणून त्याच्यावर काम करणारे लोक एकेक मायक्रोग्रॅम जपून वापरतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी संशोधक विद्यार्थिनी प्लेट रीडरचा, म्हणजे नमुन्यातला प्रकाश मिनिटामिनिटाला मोजणाऱ्या यंत्राचा, कागद घेऊन आली. "मॅडम, एन्झाइम गेलं. पार्सलमध्येच गेलं. नवीन मागवायला मेल करू का?"

रेघेचा उतार म्हणजे एन्झाइमचा वेग. मागच्या लॉटला जेवढा उतार मिळायचा त्याचा दहावा हिस्साही नव्हता. पण मी आकड्याआधी रेघ बघितली. पहिली पाच मिनिटं जवळजवळ आडवी, मग हळूहळू वर वळणारी. तिसाव्या मिनिटाला उतार सुरुवातीच्या कितीतरी पट. मेलेलं एन्झाइम असा वेग घेत नाही. अर्धवट बिघडलेलं असेल तर रेघ सरळ येते, फक्त कमी चढाची, आणि सबस्ट्रेट (एन्झाइम तोडतं ती साखळी, तुटली की प्रकाश देणारी) संपत आला की खाली वाकते. वर वळणारी रेघ म्हणजे विहिरीत, प्लेटच्या त्या छोट्या खळग्यात, काहीतरी नव्याने जागं होतंय.

कुपीत येतं ते प्रो-स्वरूप. सक्रिय खाचेवर त्याचाच एक तुकडा झाकणासारखा बसलेला असतो. पीएच 3.5 च्या आसपास तो सुटतो आणि कापला जातो, तोपर्यंत एन्झाइम काम करत नाही. आमची पद्धत अशी: 100 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचा साठा 20 वर आणायचा, 0.1 मोलर सोडियम ॲसिटेट आणि 0.2 मोलर मीठ असलेल्या पीएच 3.5 च्या बफरमध्ये (पीएच टिकवून धरणारं द्रावण), 37 अंशांवर 30 मिनिटं. मग त्याच बफरमध्ये 0.4 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत पातळ करून काळ्या प्लेटमध्ये 50 मायक्रोलिटर, वर 20 मायक्रोमोलर सबस्ट्रेट 50 मायक्रोलिटर. उत्तेजन 320 नॅनोमीटर, वाचन 405 वर. शेवटची पातळ पायरी अगदी वाचनाच्या तोंडावर करायची. इतक्या कमी प्रमाणात प्रथिन प्लास्टिकला चिकटतं आणि अर्धा तास ठेवलेली नळी खोटं बोलते.

आधी बाकीचे संशय मिटवले. सबस्ट्रेटच्या साखळीत मध्येच आर्जिनिन आहे, म्हणजे ट्रिप्सिन हे दुसरं एन्झाइमही ती तोडतं. एका विहिरीत पीएच 8 ला थोडं ट्रिप्सिन घातलं, प्रकाश लगेच चढला. सबस्ट्रेट आणि यंत्र दोन्ही ठीक. मग 1 मायक्रोमोलर पेप्सटॅटिन, कॅथेप्सिन डीला अडवणारं औषध. ते पाण्यात नीट विरघळत नाही, डीएमएसओ या द्रावकामधूनच घालायचं आणि विहिरीत डीएमएसओ 1 टक्क्यावर ठेवायचं. रेघ पूर्ण आडवी झाली. म्हणजे जे काही थोडं काम होत होतं ते कॅथेप्सिन डीचंच होतं, कुठल्या भेसळीचं नव्हतं.

"पूड कशात विरघळवलीस?"

"आपल्या ट्रिस बफरमध्ये, मॅडम. 100 मिलिमोलर, पीएच 8. सगळीच प्रथिनं त्यातच ठेवतो ना."

इथे गाठ सापडली. ॲसिटिक आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचा अर्धा भाग ॲसिटेट असतो तो, 4.76. पीएच 3.5 ला त्याचा जेमतेम 5 टक्के भाग ॲसिटेट असतो आणि बफरची ताकद 4.76 ला असते त्याच्या पाचव्या हिश्श्यावर येते. बाटलीवर 0.1 मोलर लिहिलेलं असलं तरी हा बफर त्या टोकाला दुबळाच. त्यात एकास चार प्रमाणात पीएच 8 चं ट्रिस ओतलं, म्हणजे 9 मिलिमोलरच्या वर अल्कली. मी प्रथिनाशिवाय नुसतं मिश्रण करायला सांगितलं: 1 मिलिलिटर ट्रिस, 4 मिलिलिटर बफर. पीएच मीटर 4 आणि 7 च्या प्रमाण द्रावणांवर लावून घेतला. वाचन 4.1. सक्रियण अर्धवटच होत होतं, आणि पुढे 3.5 च्या बफरमध्ये पातळ केल्यावर विहिरीत उरलेलं सुरू होत होतं. रेघ वर वळत होती ती यामुळे.

कुपी फेकायची गरज नव्हती. 4 मिलिलिटर बफरमध्ये 1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल 47 मायक्रोलिटर घातलं आणि त्यात 1 मिलिलिटर ट्रिस मिसळून पाहिलं: 3.5. हे आम्ल थेट प्रथिनाच्या नळीत टाकायचं नाही. थेंब पडतो त्या जागी क्षणभर पीएच खूप खाली जातो आणि प्रथिन तिथेच बिघडू शकतं. आम्ल घातलेला ताजा बफर केला, त्याचे 80 मायक्रोलिटर आधी नळीत, मग साठ्याचे 20. 37 अंश, 30 मिनिटं, घड्याळ लावून. जास्त वेळ ठेवून फायदा नाही, या पीएचला एन्झाइम हळूहळू स्वतःची ताकद घालवतं.

या वेळी रेघ पहिल्या मिनिटापासून सरळ आली, उतार मागच्या लॉटच्या बरोबरीचा.

तरी प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं जेल चालवलंच. प्रत्येक रांगेत 500 नॅनोग्रॅम. आम्लातला नमुना मिसळल्यावर जेलच्या नमुना-द्रावणाचा निळा रंग पिवळट-हिरवा झाला. अशा वेळी पीएच न लावलेलं ट्रिस निळा परत येईपर्यंत थोडं थोडं घालायचं, नाहीतर पट्टे वाकडे धावतात. सक्रिय न केलेला पट्टा 52 किलोडाल्टनच्या जवळ, सक्रिय केलेला त्याच्या थोडाच खाली. विद्यार्थिनी 34 चा पट्टा शोधत होती. तो इथे दिसणार नाही. 34 आणि 14 अशा दोन साखळ्या पेशीत होतात, लायसोसोममधली दुसरी प्रोटीएझं (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) कापतात तेव्हा. नळीत एकटं कॅथेप्सिन डी मधल्या टप्प्यावरच थांबतं, आणि आपल्या चाचणीला तेवढं पुरतं.

संध्याकाळी उरलेल्या साठ्याचे 25 मायक्रोलिटरचे वाटे करून उणे 80 अंशांत ठेवले. प्रत्येक नळीवर तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "प्रो-कॅथेप्सिन डी, 100 मिलिमोलर ट्रिस पीएच 8 मध्ये. सक्रियण बफरमध्ये आम्ल घालणे." मेलचा मसुदा तिने पुसून टाकला.