आमची वाटचाल : छापखाना, उधारी आणि एक क्रेडिट कार्ड

दिवाळी अंकांचा कागद ऑगस्ट-सप्टेंबरात घ्यावा लागतो आणि अंकांचे पैसे हातात पडायला तुळशीचं लग्न उलटतं. मधल्या काळातली शाई, प्लेट, वीजबिल, पगार, बोनस हे सगळं आपल्याच गल्ल्यातून. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, १९७८ च्या सुमारास नारायण पेठेत एका ट्रेडलवर, म्हणजे छोट्या छपाईयंत्रावर, सुरुवात केली तेव्हाही हेच होतं. आज भाऊजी आणि मी भागीदारीत ऑफसेट चालवतो, तरी हेच आहे. अण्णांना उधार देणारा एकच माणूस होता, कागदवाला. आम्हाला मात्र दर आठवड्याला कोणीतरी फोन करून सांगतं, ‘मॅडम, तुमचं लिमिट मंजूर झालंय.’

ट्रेडल गेली, एकरंगी ऑफसेट आलं, मग दुरंगी. पावतीपुस्तकं, लेटरहेड, लग्नपत्रिका, शाळांची आणि क्लासेसची कामं, आणि पावसाळा सरताना दिवाळी अंक. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पेठेतल्या बहुतेक छापखान्यांची गोष्ट अशीच आहे. सगळं डिझाइन कॉम्प्युटरवर आलं तेव्हा एक नवाच खर्च सुरू झाला. सॉफ्टवेअरचं मासिक भाडं, फॉन्टचे परवाने, फाइली ठेवायची ऑनलाइन जागा, कुरिअर, मशीनचे इंटरनेटवरून मागवलेले सुटे भाग. यातल्या निम्म्या ठिकाणी चेक चालत नाही आणि रोख तर नाहीच. हे सगळं भाऊजींच्या घरच्या कार्डावरून जायचं. त्याच कार्डावर घरचा किराणा आणि पुतणीच्या क्लासची फी. मार्च आला की सीएंचा ठरलेला प्रश्न : यातलं छापखान्याचं कुठलं आणि घरचं कुठलं? धंद्याचं वेगळं कार्ड घ्यायचं ठरलं ते या एका कारणासाठी, भांडवल उभं करायला नाही. पुढचे सगळे निर्णय यावरूनच सोपे झाले.

कार्ड विकायला आलेला मुलगा हुशार होता. विमानतळावरचं लाउंज, हॉटेलात सूट, प्रत्येक खर्चावर पॉइंट. आमचा प्रवास नारायण पेठ ते भवानी पेठ, फार तर बाइंडिंगसाठी नऱ्हे. लाउंजमध्ये कधी बसणार? त्याच्या कार्डाची वर्षाची फी तीन हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४० रुपये. वर्षात आठ लाखांचा खर्च केला तर फी माफ. आमचा कार्डावर टाकण्यासारखा खर्च महिन्याला चाळीस हजारांच्या आसपास, वर्षाचा पाच लाखांच्या आत. ‘मग कागद टाका ना कार्डावर,’ मुलगा म्हणाला.

आमचा कागदवाला महिनाभराची उधारी देतो, बिनव्याजी, नुसत्या ओळखीवर. कार्ड पुढे केलं तर बिलावर दोन टक्के वर मागतो, कारण तेवढा भार त्याच्यावर पडतो आणि त्याचा नफाच मुळात बारीक. कमी पडणारे तीन लाख वीस हजार कागदातून भरून काढायचे तर ६,४०० रुपये जास्त मोजायचे, कशासाठी, तर ३,५४० वाचवायला. भाऊजींनी हा हिशेब त्याच मुलाच्या माहितीपत्रकाच्या पाठीवर मांडून त्याला परत दिला.

आणि समजा कागदवाल्याने दोन टक्के सोडले, तरी दिवाळीचा कागद कार्डावर बसत नाही. बिनव्याजी मुदत फार तर ५० दिवसांची आणि आमचे पैसे अडकतात त्याच्या दुपटीने. ५१ व्या दिवशी काय? ‘महिन्याला साडेतीन टक्के’ ऐकायला किरकोळ वाटतं. वर्षाचे ते ४२ टक्के होतात आणि त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. बिलावरची ‘किमान रक्कम’ भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. वर, जुनी बाकी उरली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, हे फार थोड्या जणांना माहीत असतं. कागदासाठी आमचं सहकारी बँकेत कॅश क्रेडिटचं, म्हणजे मालाच्या तारणावर लागतील तसे पैसे उचलायचं, खातं आहे. दर महिन्याला मालाचं स्टेटमेंट द्यायचा कंटाळा येतो खरा, पण व्याज कार्डाच्या पाव-तृतीयांश आणि तेही वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांपुरतं.

(लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच चुकवलं पाहिजे असा कायदा आहे. २०२३-२४ पासून तर ही मुदत न पाळणाऱ्या ग्राहकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत प्राप्तिकरात दाखवता येत नाही. उद्यम, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, क्रमांक आम्ही बिलावर छापायला लागल्यापासून मोठे ग्राहक मार्चआधी आपणहून पैसे पाठवतात. दिवाळी अंकाच्या संपादकांना हे कलम ऐकवायची हिंमत अजून आमच्यात आलेली नाही.)

माझ्या मते कार्ड निवडताना सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो तारखांना, आणि नेमकं तेच कोणी विकायला येत नाही. बिल निघाल्यापासून पैसे भरायला साधारण वीस दिवस मिळतात. बिल १२ तारखेला निघत असेल तर १३ ला घेतलेल्या वस्तूला जवळपास ५० दिवसांची मुदत मिळते, ११ ला घेतलेलीला जेमतेम वीस. पण त्याहून महत्त्वाचं, भरायची तारीख कुठे येते? १२ चं बिल म्हणजे भरणा पुढच्या महिन्याच्या १-२ तारखेला, ऐन पगाराच्या तोंडावर. आमच्या शाळा आणि क्लासेस बिलांचे पैसे देतात ५ ते १० च्या दरम्यान. २० ला जीएसटीचं रिटर्न. तेव्हा कार्डाचा भरणा १० ते २० च्या मध्ये कुठेतरी यायला हवा होता, म्हणजे बिल निघायला हवं २५ च्या आसपास. बिलाचं चक्र किमान एकदा आपल्या सोयीने बदलून घेता येतं, तसा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. कार्ड हातात आल्यावर पहिला अर्ज आम्ही तोच दिला. आता १५ तारखेला पूर्ण रक्कम चालू खात्यातून आपोआप वळती होते, किमान नाही, पूर्ण.

कार्ड घेतलं ते रुपेचं, म्हणजे व्हिसा-मास्टरकार्डासारख्याच पण भारतीय जाळ्यावरचं. २०२२ मध्ये रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायची परवानगी मिळाली आणि आमच्यासारख्यांचं खरं काम तिथे झालं. बोहरी आळीतला हार्डवेअरवाला, तपकीर गल्लीतला इलेक्ट्रॉनिक्सवाला, यांच्याकडे कार्डाचं मशीन असेल-नसेल, क्यूआर कोड असतोच. बेअरिंग असो वा सेन्सर, पोऱ्याच्या हाती रोख द्यायची गरज उरली नाही. मात्र तो कोड दुकानाचा हवा. मालकाच्या खासगी नंबरवर कार्डातून पैसे जात नाहीत. परदेशी साइटवर रुपे सगळीकडे चालत नाही, ही त्याची पडती बाजू. पण डॉलरमधला खर्च कुठल्याही कार्डावर महागच पडतो. साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकी चलनातल्या खर्चावरचा बँकेचा आकार, आणि त्यावर जीएसटी धरला तर चार टक्क्यांच्या वर. आम्ही फॉन्ट आणि सॉफ्टवेअरचे परवाने इथल्या विक्रेत्याकडून रुपयांत घ्यायला लागलो. जीएसटीचं रीतसर बिल मिळतं आणि त्याचं क्रेडिट घेता येतं, म्हणजे तेवढा कर आपल्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो. कार्डाचं स्टेटमेंट म्हणजे बिल नव्हे, हे आमच्या डिझायनर मुलांना पटवायला जरा वेळ लागला. प्रत्येक खरेदीचं छापखान्याच्या नावाचं, जीएसटी नंबर असलेलं बिल वेगळं मागायचंच. बँकेलाही आपला जीएसटी नंबर आधीच कळवून ठेवावा, म्हणजे फीवरच्या कराचंही क्रेडिट मिळू शकतं.

मर्यादा बँक जास्त द्यायला तयार होती, आम्ही दीड लाखच घेतली. चाळीस हजारांचा वापर म्हणजे तीस टक्क्यांच्या आत. सिबिलच्या, म्हणजे बँका बघतात त्या पतगुणांच्या, दृष्टीने तेवढा ठेवावा असं सगळेच सांगतात. सही करण्याआधी मात्र एक गोष्ट भाऊजींनी बँकेतल्या साहेबांना तीनदा विचारली : कार्डावर नाव छापखान्याचं, पण थकलं तर कोणाच्या दारात येणार? उत्तर सरळ होतं. दोन्ही भागीदारांच्या. ‘वहिनी, मग आकडा लहानच बरा,’ म्हणाले.

जादा कार्ड एकच काढलं, टेम्पोच्या डिझेलसाठी, त्याला वेगळी छोटी मर्यादा लावून. मुख्य कार्ड माझ्याकडे असतं. शनिवारी संध्याकाळी ॲपमधल्या नोंदी आणि फाइलमधली बिलं जुळवून बघते. कार्डावरून रोख काढायची नाही, असं बजावून ठेवलंय. तिथे पहिल्या दिवसापासून व्याज लागतं आणि काढण्याची फी वेगळी. भाऊजींचं जुनं कार्ड बंद करायला सांगितलं तेव्हा फोनवरच्या बाईंनी नव्या ऑफर ऐकवायला सुरुवात केली. बाकी शून्य असेल तर बँकेला सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर बँकेलाच ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात, हा नियम भाऊजींनी तारखेसह मेलवर लिहून पाठवला. कार्ड मुदतीत बंद झालं.

आमचं बघून शेजारचे बाइंडरकाका परवा विचारत होते, ‘वहिनी, मलाही काढून द्या की एक.’ त्यांचा खर्च म्हणजे पुठ्ठा, खळ, दोरा आणि मुख्य म्हणजे बायकांची मजुरी, ती शनिवारच्या शनिवार रोख. मजुरी काही कार्डावर भागत नाही. पुठ्ठेवाला उधार देतोच. २०२५ च्या अर्थसंकल्पात सूक्ष्म उद्योगांसाठी पाच लाखांपर्यंतच्या मर्यादेचं कार्ड जाहीर झालं, ते त्यांनी पेपरात वाचलेलं होतं. पण ते उद्यम नोंदणी असलेल्यांसाठी, आणि काकांची नोंदणीच नव्हती. आधार, पॅन घेऊन बसलो आणि आमच्याच कॉम्प्युटरवर ती करून टाकली. सरकारी पोर्टलवर पैसे पडत नाहीत. आता त्यांच्या बिलावर उद्यम क्रमांक छापून द्यायचं काम आमच्याकडे आहे. कार्डाचं नंतर बघू, म्हणाले.