यूएफओ क्रमांक १

जानेवारीच्या बैठकीत इथे अमेरिकेत आमच्या क्विल्ट मंडळाने (क्विल्ट म्हणजे इथली गोधडी) सगळ्यांना एकेक कागद वाटला. घरात अर्धवट पडलेल्या कामांची यादी करायची, १ ते १२. दर महिन्याला चिठ्ठी निघणार आणि तो आकडा ज्या कामाचा असेल ते पुढच्या बैठकीला पुरं करून आणायचं. नाही आणलं तर डब्यात ५ डॉलर. अशा कामांना इथे यूएफओ म्हणतात, अनफिनिश्ड ऑब्जेक्ट.

नियमाचं मला काही वाटलं नाही, बायकांचं वाटलं. शेजारची सत्तरीची बाई खुशाल सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "माझे ३१ आहेत, १२ ओळींत बसवू कसे?" आणि सगळ्या हसल्या. आपल्याकडे चारचौघींत कुणी असं कबूल करेल का? अर्धं विणलेलं स्वेटर आपण कपाटाच्या तळाशी घालतो आणि पाहुणी आली की दार लोटून घेतो.

मी पहिल्या ओळीवर 'वाकळ' लिहिलं. बाकी ११ ओळी कोऱ्या. त्यावरून मी फार टापटिपीची आहे असा त्यांचा समज झाला, तो मी होऊ दिला.

ही वाकळ आज्जीची. माझं लग्न ठरलं तेव्हा, २०१३ मध्ये, तिने शिवायला घेतली. खाली-वर तिची इरकली लुगडी, मध्ये आजोबांची धोतरं. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या सोप्यात पसरून, चार कोपऱ्यांवर वरवंटा, बत्ता, पितळी तांब्या आणि माझा कॉलेजचा जाडजूड ग्रंथ ठेवून ती कडेने धावदोरा घालत आत आत येत होती. मधला हातभर चौकोन राहिला आणि तिच्या डोळ्यांनी साथ सोडली. २०१६ मध्ये ती गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या घरात छातीएवढं आलं. वाकळ माळ्यावर होती म्हणून वाचली, पण ओलीचा वास धरून बसली. दरवेळी बॅग भरताना तिचा नंबर चटणी, हळद आणि बेदाण्यांच्या नंतर यायचा. २३ किलोत ती कधी बसलीच नाही. शेवटी २०२२ मध्ये मी बेदाणे कमी केले. आणि मग इथे ओमाहात आणून कपाटाच्या तळाशी ठेवली. कबूल.

आता जरा मनातलं बोलते. इथल्या क्विल्टिंगची एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून पचलेली नाही. दुकानातून नवंकोरं सुती कापड आणायचं, इस्त्री करायची, पिझ्झा कापतात तसल्या चाकाने त्याचे तुकडे करायचे आणि तेच तुकडे पाव इंचाची शिवण धरून परत एकमेकांना जोडायचे. चांगलं कापड फाडून ठिगळं! आज्जीने हे पाहिलं असतं तर 'डोकं फिरलंय काय यांचं' म्हणाली असती. बरं, कापडाचा साठा इतका, की काही बायकांच्या घरी त्यासाठी वेगळी खोली आहे. आपली वाकळ म्हणजे फाटलेल्याला दिलेलं दुसरं आयुष्य. नवं कापड वाकळीत गेलेलं आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलं नसेल. हे मी एकदा मंडळात बोलूनही दाखवलं, जरा जास्तच ठसक्यात.

तेव्हा कोपऱ्यातल्या ऐंशीच्या बाई, ज्यांना मी मनात काकू म्हणते, शांतपणे म्हणाल्या की त्यांच्या आईच्या क्विल्ट पिठाच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांच्या असत. १९३० च्या दशकातल्या मंदीत पोती छापील, फुलाफुलांच्या कापडाची निघायची, कारण बायका त्यांचे कपडे शिवतात हे कंपन्यांना ठाऊक होतं. एका नक्षीचं कापड पुरेसं जमावं म्हणून नवऱ्याला बजावून पाठवायचं, त्याच फुलांचं पोतं आण.

मी गप्प बसले. तरी त्या वेगळ्या खोल्यांचं मला पटलेलं नाही ते नाहीच.

दुसरा राग नावाचा. वाकळ टेबलावर पसरली आणि तिघींनी एका सुरात विचारलं, "कांथा?" इथून तासाभरावर, लिंकनला, आंतरराष्ट्रीय क्विल्ट संग्रहालय आहे. १९९७ मध्ये एका दांपत्याने आपल्या जवळजवळ ९५० क्विल्ट विद्यापीठाला दिल्या, त्यातून ते उभं राहिलं. त्यामुळे या बायकांना बंगालचा कांथा माहीत, कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंडी माहीत. वाकळ मात्र कुणी ऐकलेली नाही. मी फळ्यावर 'वाकळ' लिहून दाखवलं. 'ळ' कुणालाच जमेना. बरं वाटलं.

फेब्रुवारीत चिठ्ठी निघाली, १.

आमच्याकडे रात्रीचे ८ म्हणजे सांगलीत सकाळचे साडेसात. आईला फोन लावला. खालचं लुगडं एका बाजूला विरलं होतं, मला जुन्या सुती लुगड्याची पट्टी हवी होती.

"सुती लुगडं कुठलं आता?" आई म्हणाली. "मी कधीपासनं सिंथेटिक नेसते, तुला माहीत नाही होय?"

"शेजारी कुणाकडे?"

"शेजारी गाऊन घालतात."

तिने मारुती रोडवरनं नवं इरकल घेतलं आणि विश्रामबागेतल्या मावशीच्या जावयाबरोबर शिकागोपर्यंत पाठवलं. ते हातात आलं तेव्हा घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी कात्री लावली. हे मंडळात सांगितलेलं नाही. आणि खरं तर ती वेगळी गोष्ट आहे. ते आईने पाठवलं होतं.

तोवर बैठक होऊन गेली होती. ५ डॉलर भरले.

आज्जीचे टाके शेवटी शेवटी वाकडे गेलेत, काही तर बोटभर लांब. माझ्या डोक्यात ते उसवून सरळ घालायचं होतं. काकूंनी माझा हात धरला. त्या जुन्या सामानाच्या विक्रीतून मेलेल्या, अनोळखी बायकांच्या अर्धवट क्विल्ट विकत घेतात आणि पुऱ्या करतात. मागे कापडी पट्टीवर नाव माहीत असेल तर दोघींची नावं, नसेल तर नुसतं 'सुरुवात दुसऱ्या हाताने'. "पण तिचं कधी उसवायचं नाही," म्हणाल्या. मग चार शनिवार त्या माझ्यासमोर बसल्या, सुईत दोरा ओवून देत. वाकळीला एक टाका त्यांनी घातला नाही. मी आग्रह केला तरी नाही.

आईलाही विचारलं होतं. ती म्हणाली, "कशाला उसवतीस? वाकळ काय अंगावर घेऊन वरातीत जायचंय?"

मार्चच्या शेवटी मधला चौकोन भरला. कॅमेऱ्यासमोर धरली तर आई म्हणाली, उजेडात धर. बराच वेळ बघत राहिली.

"इथनं तुझे टाके सुरू झालेत."

"कसं कळलं?"

"फार सरळ आहेत. आणि दोरा ओढतीस तू, चुण्या पडल्यात बघ." मग जरा थांबून, "त्या पाच डॉलरचं काय करतात गं त्या बायका?"