शिवरामची स्वतंत्र नोंद

जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली स्कॅन करायच्या आणि त्यांतल्या माणसांची नावं सूचीत चढवायची, हे ग्रंथालयातलं माझं काम. १९११ची फाईल टेबलावर आली तेव्हा कागद इतका ठिसूळ झाला होता की पान बोटांनी उलटायची सोयच नव्हती. खालून पातळ पुठ्ठा सरकवायचा आणि पुठ्ठ्यासकट पान पलटायचं.

अशाच एका पानावर इंग्लंडमधल्या टॉन्टनच्या क्रिकेट सामन्याचा धावफलक सापडला. पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेला आपला संघ सॉमरसेट या काउंटी संघाविरुद्ध एक गडी राखून जिंकला होता आणि शिवराम नाबाद ११३! त्या दौऱ्यात प्रथम श्रेणीचे १४ सामने झाले, त्यांत जिंकले फक्त दोन. त्यांतला एक या माणसाच्या बॅटवर.

मी आमच्या सूचीत नाव शोधलं. 'शिवराम पालवणकर – पाहा : बाळू पालवणकर.' बस, एवढंच.

बाळूचं मोठेपण कोण नाकारेल? त्याच दौऱ्यात त्यानं ११४ बळी घेतले. पण शतक ठोकून सामना जिंकून देणाऱ्या भावाची ओळख 'बाळूचा धाकटा भाऊ' एवढ्यावरच संपावी, हे मला सहन झालं नाही. उठून तडक मॅडमच्या टेबलाशी गेले.

"याला वेगळं शीर्षक द्यायला हवं."

"एका शतकावर? आणखी काही आधार आण."

मग १९२०ची फाईल काढली. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांसाठी (हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन अशा चार संघांची मुंबईतली स्पर्धा) निवडलेल्या हिंदू संघातून बाळूला वगळलं होतं. कर्णधार पै आजारी पडल्यावर कर्णधारपद दि. ब. देवधरांकडे गेलं. विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतलं आणि कारणही जाहीरपणे सांगितलं: आम्हाला जातीमुळे डावललं जातंय. चांभाराच्या घरातल्या पोरांनी त्या काळात हे छापून आणायचं, म्हणजे काय छाती लागली असेल! विठ्ठल तरुण होता, त्याच्यापुढे बरीच वर्षं होती. पुढे १९२३ साली तो याच संघाचा कर्णधार झाला. शिवरामनं मात्र चाळिशी ओलांडलेली. हातचा एक सामना सोडणं त्याला किती महाग पडलं असेल! शेवटी समेट झाला, भाऊ अंतिम सामन्याला परतले आणि पुन्हा कर्णधारपदी आलेल्या पैंच्या हाताखाली बाळू उपकर्णधार झाला.

मॅडमनी दोन्ही पानं सावकाश वाचली. "भावासाठी उभा राहिला, पण उभा राहिला तो स्वतःच्या पायावर," म्हणाल्या आणि मंजुरीची सही केली.

संध्याकाळपर्यंत मी शिवरामच्या नावाखाली टॉन्टन घातलं, १९२० घातलं आणि १९०६ही: बॉम्बे जिमखान्यावर हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्या संघातही तो होता. आता गणपतचं नाव काढायचंय. चौघा भावांतला तो अकाली गेला आणि सूचीत त्याच्या वाट्याला 'पाहा' एवढंसुद्धा आलेलं नाही.