उजनीच्या काठावर नुसतं बसायला जाणाऱ्यांसाठी

कायाक, म्हणजे वल्ह्याने हाकायची छोटी अरुंद होडी, कशी चालवायची हे सांगणारे भरपूर भेटतील. मी लिहितेय ते काठावर थांबणाऱ्यांसाठी. ज्यांना पोहता येत नाही, पाणी बघून पोटात गोळा येतो आणि तरी घरचे "तू नुसती बस गं, मजा येईल" म्हणत गाडीत घालून नेतात, अशांसाठी.

बेत होता उजनीच्या बॅकवॉटरचा, करमाळा तालुक्याच्या अंगाने. भाच्याने पुण्याहून फुगवायच्या दोन कायाक आणल्या होत्या, प्रत्येकी दोघांच्या. पाण्यात हे, आमची लेक, भाचा आणि त्याचा मित्र. काठावर मी आणि वन्सं. वन्संचं सासर जेऊरचं, त्यामुळे आदल्या रात्रीच मुक्कामाला गेलो. तुमचं कुणी तिकडे नसलं तरी सोलापुरातून पहाटेच निघा. मोहोळ, टेंभुर्णीपर्यंत पुणे हायवे, तिथून करमाळ्याचा रस्ता धरून कंदरवरून जेऊर, मग चिखलठाणकडे. डिसेंबरात कारखाने चालू असतात आणि उसाच्या ट्रॉल्या मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा रस्त्यावर असतात. येताना अंधार पडायच्या आत हायवे गाठा. पाण्याइतकीच मला या ट्रॉल्यांची भीती वाटते.

पाण्याची भीती काही उगाच नाही. चिखलठाणच्या पुढे कुगाव. तिथून पलीकडे कळाशीला निघालेली बोट २१ मे २०२४ च्या संध्याकाळी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. पोरं म्हणाली, "आई, तो मे होता, हा डिसेंबर आहे." बरोबर आहे, वळिवाच्या दिवसांत दुपारनंतर उजनीत उतरूच नये. पण माझं समाधान त्या उत्तराने झालं नाही. ते झालं लाइफ जॅकेटांनी. चौघांना घालायला लावली, बकल लावली आणि मग प्रत्येकाला खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढून बघितलं. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे. ह्यांचं सरकलं. "पोट आवळतंय," म्हणाले. आवळू दे.

निघण्याआधी उजनी किती टक्के आहे ते बघा. सोलापूरकराला हे सांगायला नको, पण इथे कारण वेगळं आहे. टक्के मोजतात ते उपयुक्त साठ्याचे, साधारण ५३.५७ टीएमसीचे (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). त्याखाली मृत साठा, म्हणजे टक्क्यांत न धरलेलं तळाचं पाणी, आणखी ६३ टीएमसीच्या वर. म्हणजे शून्य टक्क्यालाही निम्म्याहून जास्त पाणी असतंच, फक्त ते काठापासून लांब गेलेलं असतं, आणि मधे राहतो गाळ. वरून वाळून भेगाळलेला दिसतो, पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत. चप्पल तिथेच राहते. धरण भरलेलं असताना पाणी पार उसाच्या आणि केळीच्या बांधापर्यंत येतं, तेव्हा उतरणं सोपं. आम्ही गेलो तेव्हा पाणी बऱ्यापैकी होतं.

उतरायची जागा निवडताना दोन गोष्टी बघा. एक, मोटारी. सगळा काठ शेतकऱ्यांच्या उपसा मोटारींनी भरलेला आहे. पाइप पाण्यात, केबली काठाने, कुठे जोड उघडे. अशा ठिकाणी उतरू नका, चढूही नका, मग ती जागा कितीही सोयीची दिसो. दुसरं, वेडी बाभूळ. तिचा काटा चपलेच्या तळातून वर येतो, तिथे फुगवलेल्या रबराचं काय? आम्ही जाड ताडपत्री अंथरून त्यावर कायाक फुगवली आणि उचलूनच पाण्यात नेली, ओढत नाही. आणि ज्याचं रान आहे त्याला विचारा. वन्संनी विचारलं, तर चहाच आला.

सकाळी सात-साडेसातला पाणी अगदी स्थिर होतं. चौघं निघाले आणि मला दर दोन मिनिटांनी डोकी मोजायची सवय लागली. वन्सं तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, मोजून काय डोकी वाढणार हायेत?" पण मोजत राहा. काठावरच्या माणसाचं तेच काम आहे. किती वाजता निघाले, कुठल्या दिशेने, किती वाजता परत येणार, हे कागदावर लिहून ठेवा. गाडीची किल्ली, एक चार्ज केलेला फोन आणि जाड दोर काठावरच राहू दे. रेंज असेल तर ११२ लागतो, पण "उजनीच्या काठावर" एवढ्याने कुणी पोचत नाही. जवळचं गाव आणि वस्तीचं नाव विचारून ठेवा. शिट्टी जॅकेटला बांधलेली हवी, पिशवीत नाही. खुणा आधी ठरवा: पॅडल (वल्हं) उभं धरलं की सगळं ठीक, डोक्यावर आडवं हलवलं की मदत हवी. न ठरवता गेलात, तर पक्षी दाखवायला केलेला प्रत्येक हात तुम्हाला बुडणाऱ्याचा वाटेल.

पक्षी होते. पट्टकदंबांचा मोठा थवा उथळ पाण्यात बसला होता. पोरांना मी बजावलं होतं, तिकडे जायचं नाही. हिमालय ओलांडून आलेला जीव तुमच्या फोटोसाठी पुन्हा कशाला उडवायचा?

नवाच्या सुमारास एक मच्छीमार मामा जाळं काढून काठाला आले. पोरांकडे बघून म्हणाले, "ताई, वारं उठायला लागलंय. धाच्या आत बाहेर घ्या." वारं उठलंच. फुगवलेली कायाक हलकी, पाण्यात बसते कमी आणि वाऱ्यावर पळते जास्त. मला दोन्ही दिसत होत्या, मग एकच दिसायला लागली. पुढची दहा मिनिटं मी काय केलं ते सांगत नाही. वन्संनी शेंगा बाजूला ठेवल्या, एवढं सांगते.

दुसरी कायाक वळणाच्या पलीकडे होती. भाच्याने शहाणपणा केला होता. वाऱ्याशी झगडत मधून येण्याऐवजी काठ धरला, उतरला, आणि दोर धरून कायाक ओढत गुडघाभर चिखलातून लेकीसोबत चालत आला. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणतो. आणि थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या की खाली जाळं समजा, लांबून जा.

डबा बरोबर ठेवा. आमच्याकडे कडक भाकरी, शेंगा चटणी, दही होतं. ह्यांना मात्र चिलापी हवी होती, ती मामांकडूनच घेतली आणि वन्संच्या घरी तळली. कायाक दुपारी उन्हात फुगवलेली सोडू नका, आतली हवा तापून शिवण ताणते. थोडी हवा काढा. घरी आल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवूनच घडी घाला, नाहीतर शेवाळाचा वास महिनाभर जात नाही. आमच्या दोन्ही कायाक अजून गच्चीत चिखलासकट पडल्यात. नळाला पाणी परवा आहे.