पर्मिटच्या वाटेवर : जानेवारी २०२५ची नोंद

माझी घोडी तारा आता पहिल्या पिंपापाशी आपणहून वेग आवरते. हिवाळाभर जे साधायचं होतं ते हेच, म्हणून बाकी सगळं मागे ठेवून आधी हे सांगते.

नव्याने आलेल्या मैत्रिणींसाठी थोडी ओळख. बॅरल रेसिंगमध्ये, म्हणजे घोड्यावरून पिंपांना वळसे घालायच्या शर्यतीत, रिंगणात त्रिकोणात तीन पिंपं ठेवतात. पिंपं तीच, तेलासाठी वापरतात ती पंचावन्न गॅलनची, लोखंडी. प्रमाण मापाच्या आखणीत पहिल्या आणि दुसऱ्या पिंपात ९० फूट, त्या दोन्हींपासून तिसऱ्यापर्यंत १०५ फूट, आणि सुरुवातीच्या रेषेपासून पहिल्या पिंपापर्यंत ६० फूट. तिन्ही पिंपांना वळसा घालून आलं त्याच रेषेतून भरधाव बाहेर पडायचं. वेळ विजेच्या डोळ्याने मोजतात, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. पिंप पडलं की प्रत्येकी पाच सेकंद वाढतात. चुकीच्या बाजूने वळलं तर वेळच मिळत नाही. पिंपाला गुडघा घासला किंवा डुगडुगणारं पिंप हाताने सावरलं तर मात्र काही दंड नाही. मी जुन्नरकडची, आता अमेरिकेत कोलोरॅडोत राहते. घाटात बैलगाड्याची बारी बघत वाढलेल्यांना घड्याळातला एवढासा फरक म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

खरी गंमत आणि खरी अडचण पहिल्या पिंपाची. घोडी तिथे सर्वांत जास्त वेगात येते, कारण समोर नुसती मोकळी माती असते. तोच वेग वळणात घेऊन गेलात तर ती पिंपाच्या पलीकडे वाहवत जाते आणि दुसऱ्या पिंपाची रेघ बिघडते. लवकर वळवलीत तर खांदा आत पडतो आणि पिंप आडवं. दोन्हींच्या मधली जागा फार थोडी आहे. ताराला मी उजवीकडून सुरू करते, म्हणजे एक उजवं वळण आणि दोन डावी. उलट क्रमही नियमात बसतो; घोड्याला कुठला हात सोपा जातो त्यावर ठरवावं.

आमच्या प्रशिक्षक बाईंनी नोव्हेंबरपासून दौड पूर्ण बंद केली. फक्त चाल आणि दुडकी. पिंपाच्या अलीकडे एक ठरावीक जागा आहे, तिथे पोचलं की मी खोगिरात खोल बसते, पाठ सैल सोडते, लगामाला हात लावत नाही. घोडीने मागचे पाय पोटाखाली घेऊन चाल आखडली तर तसंच पुढे वळणात जायचं. नाही आखडली तर थांबवायचं, दोन पावलं मागे घ्यायचं, पुन्हा शांतपणे निघायचं. ओरडा नाही, टाच नाही. वळणात तिच्या आणि पिंपाच्या मध्ये चार-पाच फूट जागा राहिली पाहिजे, आणि माझी नजर पिंपावर नव्हे तर त्या मोकळ्या जागेवर. नजर पिंपावर गेली की खांदा तिकडे झुकतो, आणि माझा खांदा झुकला की तिचाही झुकतो. हे सगळ्याच प्रशिक्षक सांगतात. पण महिनाभर नुसत्या चालीत केल्यावर ते अंगात उतरतं, ऐकून उतरत नाही.

डिसेंबरच्या शेवटी बंदिस्त रिंगणात पहिल्यांदा तिला दौडीत सोडलं. त्या ठरावीक जागेवर मी बसले आणि ती माझ्याखाली अक्षरशः आखूड झाली. मागचा भाग खाली गेला, पुढचे पाय हलके झाले, आणि वळसा पूर्ण होईतो माझा उजवा हात लगामावर नुसता ठेवलेला होता. दुसऱ्या पिंपाकडे ती सरळ रेषेत निघाली. मला इतका आनंद झाला की तिसऱ्या पिंपानंतर घड्याळाकडे बघायचं राहिलंच.

वेळेचं म्हणाल तर आमच्या भागातल्या जॅकपॉटमध्ये, म्हणजे स्थानिक स्पर्धांमध्ये, आम्ही सर्वांत वेगवान जोडीच्या एक ते दीड सेकंद मागे असतो. या गटवारीच्या स्पर्धा मला फार आवडतात. सर्वांत वेगवान वेळ पहिल्या गटाची, तिच्यापासून अर्ध्या सेकंदावर दुसरा गट सुरू होतो, एका सेकंदावर तिसरा, आणि प्रत्येक गटाला बक्षीस वेगळं. नवशिकी मुलगी आणि लास व्हेगासची राष्ट्रीय अंतिम फेरी गाठलेली बाई एकाच दिवशी, एकाच मातीत धावतात. आम्ही तिसऱ्या गटात आहोत. वसंतापर्यंत दुसऱ्या गटात जायचं आहे.

आता पर्मिटबद्दल. याबद्दल बऱ्याच जणींनी विचारलंय. व्यावसायिक रोडिओत, म्हणजे काउबॉय खेळांच्या स्पर्धेत, बॅरल रेसिंगला उतरायचं तर विमेन्स प्रोफेशनल रोडिओ असोसिएशनचं, म्हणजे डब्ल्यूपीआरएचं, पर्मिट किंवा कार्ड लागतं. पहिली पायरी पर्मिट. ते घेऊन संस्थेने मान्यता दिलेल्या रोडिओंमध्ये धावायचं आणि ठरवून दिलेली रक्कम जिंकायची. तेवढी जिंकली की पर्मिट भरलं असं म्हणतात, आणि मग कार्ड विकत घेता येतं. रक्कम आणि फी वेळोवेळी बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची नियमपुस्तिका समोर ठेवूनच अर्ज करा. पर्मिटवर जिंकलेले पैसे जागतिक क्रमवारीत धरत नाहीत. कार्ड घेतलेलं पहिलं वर्ष म्हणजे तुमचं रुकीचं, म्हणजे नवखेपणाचं, वर्ष, आणि ते आयुष्यात एकदाच मिळतं. म्हणून घोडा तयार नसताना कार्ड घेण्याची घाई करू नये असं माझं ठाम मत आहे. पर्मिट भरलं तरी एक हिवाळा थांबावं, घोड्याचे पाय आणि फुप्फुसं बघावीत, मग ठरवावं.

क्रमवारीचं गणित सरळ आहे: एक डॉलर म्हणजे एक गुण. मोसम १ ऑक्टोबरला सुरू होतो आणि ३० सप्टेंबरला संपतो. त्या दिवशी पहिल्या पंधरात असलेल्या स्वार डिसेंबरात लास व्हेगासला नॅशनल फायनल्स रोडिओला जातात. याचा दुसरा अर्थ असा की मोठ्या रोडिओत प्रवेश मर्यादित असला तर आधी जास्त जिंकलेल्यांना जागा मिळते. पर्मिटवालीने डेन्व्हर, फोर्ट वर्थ, सॅन अँटोनिओच्या हिवाळी रोडिओंवर आशा ठेवून बसू नये. आपली जागा सर्किटमध्ये, म्हणजे प्रादेशिक विभागातल्या स्पर्धांत आहे. अमेरिकेत अशी बारा सर्किटं आहेत. कोलोरॅडो आणि वायोमिंग मिळून आमचं माउंटन स्टेट्स सर्किट. सर्किटचे वेगळे गुण, वेगळी अंतिम फेरी, आणि तिथून पुढे राष्ट्रीय पातळीवरची स्पर्धा, जी अलीकडे आमच्याच कोलोरॅडो स्प्रिंग्जला जुलैत भरते. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी ट्रेलर जोडून ज्यांना धावायचंय त्यांच्यासाठी हीच खरी शिडी. चार जुलैच्या आठवड्यात इथे रोज कुठे ना कुठे रोडिओ असतो. त्या दिवसांना सगळे काउबॉय ख्रिसमस म्हणतात. ग्रीलीचा रोडिओही त्याच सुमारास आणि महिनाअखेर शायेनचा.

पेहरावाचाही नियम आहे, त्याबद्दल विचारणा होती: काउबॉय धाटणीची हॅट, लांब बाह्यांचा शर्ट, बूट. हॅटऐवजी हेल्मेट चालतं. मी हेल्मेटच घालते आणि तुम्हीही घालावं असं मनापासून सांगते.

स्पर्धांच्या बातम्या. डिसेंबरात लास व्हेगासच्या थॉमस अँड मॅक रिंगणात नॅशनल फायनल्सच्या दहा रात्री संपल्या आणि २०२४चं जगज्जेतेपद कॅसी माउरीने घेतलं, जार्व्हिस नावाच्या घोड्यावर. मला या विजयाचं विशेष कौतुक आहे. बाई मुळात तरुण घोडे घडवणारी, फ्यूचरिटीच्या, म्हणजे तरुण घोड्यांच्या, स्पर्धांतली. वर्षभर देश पालथा घालण्याऐवजी तिने निवडक रोडिओ केले आणि घोड्याला ताजं ठेवलं. त्याआधी २०२३ला ब्रिटनी पोझी टोनोझीने तिसरं जगज्जेतेपद मिळवलं, २००७ आणि २००९ नंतर इतक्या वर्षांनी. २०१८, २०१९, २०२० आणि २०२२ ही चार वर्षं हेली किन्सेल आणि तिच्या सिस्टर या घोडीची. मधलं २०२१ जॉर्डन ब्रिग्जचं. जॉर्डनची आई क्रिस्टी पीटरसन बोझो घोड्यावर चार वेळा जगज्जेती झालेली, म्हणजे एका घरात आई आणि मुलगी दोघी.

थॉमस अँड मॅकचं रिंगण लहान आहे, आखणी आखूड. तिथे चांगली बारी तेरा-चौदा सेकंदांत होते. हेलीने २०१७ला तिथे १३.११ची वेळ दिली होती. उलट ओरेगॉनच्या पेंडलटनला गवतावर धावतात आणि आखणी इतकी मोठी की वेळ अठ्ठावीस सेकंदांच्या आसपास जाते. त्यामुळे दोन रिंगणांच्या वेळा शेजारी ठेवून तुलना करू नका. मातीचंही तसंच. ठरावीक घोडे धावून गेले की ट्रॅक्टरने माती कुळवून घेतात. कुळवल्यावर लगेच धावणारीला ताजी माती मिळते, शेवटी येणारीला पिंपांभोवती पडलेल्या खड्ड्यांतून घोडा काढावा लागतो. क्रम चिठ्ठीने ठरतो. तुमचा क्रम शेवटचा आला तर पिंपापासून थोडी जास्त जागा ठेवून वळा.

ब्रेकअवे रोपिंग करणाऱ्या मैत्रिणींसाठीही चांगली वर्षं आहेत. या खेळात दोराचं टोक खोगिराच्या शिंगाला, म्हणजे पुढच्या उंच मुठीला, बारीक नायलॉनच्या सुताने बांधलेलं असतं आणि तिथे कापडाचा पांढरा तुकडा लावतात. वासरू सुटतं, स्वार मागून फास टाकते, घोडा थांबतो, दोर ताणला की सूत तटकन तुटतं आणि कापड उडालेलं दिसताच पंच घड्याळ थांबवायला निशाण टाकतो. फास वासराच्या डोक्यावरून जायलाच हवा. वासराला ठरलेली आघाडी मिळण्याआधी अडथळ्याची दोरी तोडली तर दहा सेकंद वाढतात, आणि खेळ दोन-तीन सेकंदांत आटोपणारा असल्यामुळे तिथेच सगळं संपतं. याची राष्ट्रीय अंतिम फेरी २०२०ला सुरू झाली. पहिलं जेतेपद जॅकी क्रॉफर्डचं, आणि त्या वेळी ती गरोदर होती. पुढे सॉयर गिल्बर्ट, मार्था अँजेलोनी, शेल्बी बॉइज्योली, आणि २०२४ला केल्सी डोमर. २०२४पर्यंत तरी ही फेरी मुख्य दहा रात्रींत धरलेली नव्हती. आधीच्या दिवसांत, लास व्हेगासच्याच साउथ पॉइंटच्या रिंगणात झाली. ती थॉमस अँड मॅकमध्ये व्हायला हवी, आणि तीही बाकी खेळांच्या बरोबरीच्या बक्षिसावर.

हे मी रागाने लिहीत नाही. डब्ल्यूपीआरएचा इतिहासच तसा आहे. १९२९ला पेंडलटनला बॉनी मॅकॅरोल जंगली घोड्यावरून पडून मेली आणि त्यानंतर बायकांचे खेळ मोठ्या रोडिओंतून हळूहळू काढले गेले. १९४७ला नॅन्सी बिनफोर्ड आणि थीना मे फार या दोघींनी अमरिलोला फक्त बायकांचा रोडिओ भरवला. पुढच्याच वर्षी टेक्सासमधल्या सॅन अँजेलोच्या एका हॉटेलात अडतीस जणी जमल्या आणि गर्ल्स रोडिओ असोसिएशन उभी राहिली. पहिल्या वर्षी ७४ सभासद, ६० स्पर्धा, सगळी मिळून बक्षिसं २९,००० डॉलर. १९८१ला संस्थेने आजचं नाव घेतलं. त्याच सुमारास त्यांनी शेकडो रोडिओ समित्यांना कळवलं होतं: १९८५पर्यंत बॅरल रेसिंगचं बक्षीस बाकीच्या खेळांच्या बरोबरीचं करा, नाहीतर आमच्या सभासद येणार नाहीत. बहुतेकांनी केलं. नॅशनल फायनल्समध्ये मात्र समान बक्षीस यायला १९९८ उजाडावं लागलं. आज तिथे एका रात्रीची बारी जिंकणारीला तीस हजार डॉलरच्या वर मिळतात, आणि बैलावर बसणाऱ्या पुरुषालाही तेवढेच. पर्मिटची फी भरायचा विचार करताना मला हे आठवतं. त्या पैशांत नुसता प्रवेश येत नाही, बरोबरीचा हक्क मागणाऱ्यांच्या रांगेत आपण जाऊन उभं राहतो.

कोलोरॅडो स्प्रिंग्जला राहण्याचं भाग्य असं की प्रोरोडिओ हॉल ऑफ फेम इथेच आहे. तिथे स्कँपर या घोड्याला मानाची जागा आहे, १९९६पासून. शार्मेन जेम्सने त्याच्यावर १९८४ ते १९९३ सलग दहा जगज्जेतेपदं मिळवली. १९८५च्या अंतिम फेरीत बारी सुरू असताना त्याचा लगाम तुटून लोंबू लागला, आणि तरी त्याने तिन्ही पिंपं घेऊन ती रात्र जिंकली. खुद्द शार्मेन आणि वांडा हार्पर बुश यांना मात्र तिथे २०१७ला जागा मिळाली. त्यांच्याआधी एकाही बॅरल रेसरला मिळाली नव्हती. घोडा आधी आणि स्वार एकवीस वर्षांनी, हे मला अजून पटत नाही.

पुढचे बेत असे. फेब्रुवारीभर आठवड्यातून एकदाच दौड, बाकी दिवस टेकडीवर चाल, मागच्या पायांत बळ यावं म्हणून. मार्चात पशुवैद्याकडून सांधे आणि फुप्फुसं तपासून घेणार. इथे सहा हजार फूट उंचीवर जोरात पळताना काही घोड्यांच्या फुप्फुसांतून रक्त येतं आणि ते वेळेवर कळलेलं बरं. दुसऱ्या पिंपापासून तिसऱ्याकडे जाताना तारा अजून डावीकडे सरकते, त्यावर काम बाकी आहे. एप्रिलच्या जॅकपॉटमध्ये दुसरा गट जमला तर पर्मिटचा अर्ज लगेच टाकणार आणि उन्हाळ्यात सर्किटमधले ट्रेलरने दोन तासांत गाठता येतील एवढेच लहान रोडिओ करणार. तिसऱ्या पिंपाकडे सरळ रेघ धरायला कुणाला कुठला व्यायाम उपयोगी पडला असेल तर नक्की कळवा, विशेषतः डावीकडे वाहणाऱ्या घोड्यांवर.