पुढचा हँडहेल्ड आणि आमचा मे महिना

नांदेडला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात असलेला माझा भाचा गेले तीन महिने मला एकच प्रश्न विचारतो आहे : "मामा, हँडहेल्ड आत्ता घेऊ, की नवीन येईपर्यंत थांबू?" हँडहेल्ड म्हणजे हातात धरून गेम खेळायचा छोटा संगणक. फोनवर मी प्रत्येक वेळी अर्धवट उत्तर दिले, म्हणून आता सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो. येणाऱ्या यंत्रांबद्दलच्या अफवा वाचताना चिपचे नाव बाजूला ठेवावे आणि किती वॉटमध्ये काय मिळणार आहे एवढेच पाहावे. त्या हिशेबाने येत्या वर्षभरात फार मोठी झेप येईल, असे मला वाटत नाही.

हे मत वाचनातून कमी आणि परभणीच्या उन्हाळ्यातून जास्त तयार झाले आहे. आमचे घर मोंढ्यापासून जवळ आहे आणि वरच्या खोलीवर पत्रा आहे. मे महिन्यात बाहेर पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना, दुपारी लाइट गेली आणि कूलर बंद पडला की त्या खोलीत बसवत नाही. अशाच एका दुपारी मी माझ्याकडच्या हँडहेल्डवर शर्यतीचा गेम खेळत होतो. पंख्याचा आवाज हळूहळू चढत शिट्टीसारखा झाला, वरच्या झरोक्यातून येणारी हवा बोटांना चटका देऊ लागली आणि इतका वेळ सेकंदाला साठच्या आसपास असलेल्या फ्रेम (पडद्यावर बदलणारी चित्रे) तिशीच्या खाली आल्या. नंतर मागचे झाकण उघडून पाहिले, तर उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांच्या फटींत फुफाटा आणि कापसाचे बारीक तंतू मिळून नमद्यासारखा थर बसला होता. रंगकामाच्या जुन्या ब्रशने तो काढला, तेव्हा चिमूटभर कचरा तळहातावर आला. यात दोष यंत्राचा कमी आणि आमच्या हवेचा जास्त.

जुलै २०२२ मध्ये युरोपात उष्णतेची लाट आली, तेव्हा स्टीम डेक हा हँडहेल्ड बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ग्राहकांना कळवले होते की हे यंत्र ० ते ३५ अंशांच्या हवेत सर्वोत्तम चालते, चिप १०० अंशांना पोहोचली की ती आपला वेग कमी करते आणि १०५ अंशांना यंत्र बंद होते. पस्तीस अंश ही मर्यादा आमच्याकडे मार्चमध्येच ओलांडली जाते. चिप आणि भोवतालची हवा यांच्या तापमानात जितके अंतर, तितकी उष्णता पंखा बाहेर काढू शकतो. ते अंतर घटले की कागदावर तीस वॉटची असलेली चिप प्रत्यक्षात बरीच कमी ताकद देते. म्हणून "नवी चिप पस्तीस वॉटपर्यंत जाते" असे कोणी उत्साहाने सांगितले, की माझ्या डोळ्यांसमोर तो पत्रा येतो.

बॅटरीचा हिशेब तर याहून सोपा आहे. २०२२ च्या पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॉट-तासांची होती आणि त्याची चिप जास्तीत जास्त १५ वॉट घेत असे. पडदा, पंखा आणि बाकीचा खर्च धरला तर जड गेमवर दोन तासही निघत नाहीत. २०२३ च्या ओलेड पडद्याच्या आवृत्तीत बॅटरी ५० वॉट-तासांची झाली आणि चिप ६ नॅनोमीटरच्या, म्हणजे आणखी बारीक आणि कमी वीज खाणाऱ्या, बांधणीवर आली. वेग फारसा वाढला नाही, पण खेळायला वेळ जास्त मिळू लागला. माझ्या दृष्टीने या क्षेत्रातील आजवरची सर्वांत शहाणपणाची सुधारणा तीच. २०२५ च्या आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलाय एक्स या हँडहेल्डमध्ये ८० वॉट-तासांची बॅटरी आहे, मात्र वजन ७१५ ग्रॅमवर गेले आहे. विमानात परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तासांची असल्याने तिकडे वाढायला फारशी जागा उरलेली नाही. पुढची झेप यायची असेल, तर ती कमी विजेत जास्त काम करणाऱ्या चिपमधूनच यावी लागेल.

आणि इथेच नावांची गफलत होते. चिप बनवणाऱ्या एएमडीच्या झेड२ या एकाच नावाखाली वेगवेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या जातात (झेन हे प्रोसेसरच्या पिढीचे नाव, आरडीएनए हे ग्राफिक्सच्या; आकडा मोठा तितकी पिढी नवी) : झेड२ एक्स्ट्रीममध्ये झेन ५ आहे, नुसत्या झेड२ मध्ये झेन ४, तर झेड२ ए ही स्टीम डेकच्याच झेन २ आणि आरडीएनए २ या पिढीतली आहे. भाच्याला दोन महिने वाटत होते की शेवटी कुठलेही अक्षर असले तरी "दोन म्हणजे नवीन". शिवाय झेड२ एक्स्ट्रीमची ग्राफिक्सची बाजू आधीच्या झेड१ एक्स्ट्रीमपेक्षा मोठी असली (१२ ऐवजी १६ एकके), तरी दोघींनाही मेमरीकडून येणारा माल, म्हणजे डेटा, एकाच अरुंद रस्त्याने घ्यावा लागतो. गोदाम वाढवले आणि बोळ तेवढाच ठेवला, तर बैलगाड्या बाहेरच खोळंबतात.

व्हॉल्व्हची भूमिका मला म्हणूनच पटते. तिथले अभियंते पिएर-लू ग्रिफे यांनी २०२५ च्या नोव्हेंबरात सांगितले की तेवढ्याच बॅटरीत वीस, तीस किंवा पन्नास टक्के जास्त वेग मिळणे त्यांना पुरेसे वाटत नाही आणि बाजारातली सध्याची कोणतीही चिप स्टीम डेक २ साठी योग्य नाही. याचा अर्थ मी असा काढतो की ते यंत्र यायला बराच अवकाश आहे. सोनीच्या हातात धरायच्या यंत्राची चर्चा २०२४ पासून ऐकू येते. कंपनीने ते जाहीर केलेले नाही, पण २०२५ मध्ये प्लेस्टेशन ५ ला कमी विजेवर खेळण्याची सोय दिली गेली, तेव्हा अनेकांनी तिचा संबंध त्या यंत्राशी जोडला. मलाही तो तर्क रास्त वाटतो, कारण भिंतीच्या सॉकेटवर चालणाऱ्या कन्सोलला इतक्या काटकसरीची खरी गरज नसते.

मी ज्याची वाट पाहतो आहे, ते एक काम निन्टेन्डोने जून २०२५ मध्येच केले आहे. स्विच २ मध्ये एनव्हिडियाची चिप आहे आणि लहान चित्र काढून ते डीएलएसएसच्या साहाय्याने मोठे करण्याची युक्ती तिला येते. त्यामुळे कमी विजेत बरे चित्र दिसते. एएमडीचे त्याच जातीचे एफएसआर ४ हे २०२५ मध्ये आले, तेव्हा अधिकृतपणे फक्त आरडीएनए ४ च्या ग्राफिक्स कार्डांसाठी होते आणि आजच्या झेड२ मालिकेतली कोणतीही चिप त्या पिढीची नाही. ज्या दिवशी ही सोय पंधरा वॉटच्या चिपमध्ये येईल, त्या दिवशी मी भाच्याला स्वतःहून फोन करीन.

थांबल्याने किंमत उतरेल, या आशेलाही फारसा आधार नाही. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीमुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढले आणि मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबरात क्रुशिअल हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. हँडहेल्डमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, त्यामुळे "आत्ता १६ जीबी घेतो, नंतर वाढवीन" ही लॅपटॉपची सवय इथे चालत नाही. स्टीम डेक आणि स्विच २ आपल्याकडे अधिकृतपणे मिळत नाहीत. आयात केलेला माल घेतला आणि बिघडला, तर दाद कोणाकडे मागायची हा प्रश्न उरतो.

म्हणून भाच्याला मी वॉरंटी शिल्लक असलेला, मोठ्या बॅटरीचा, वापरलेला हँडहेल्ड शोधायला सांगितले आहे. छत्रपती संभाजीनगरात एक सापडला आहे. रविवारी सकाळी भाचा नांदेडहून मराठवाडा एक्स्प्रेसने निघेल आणि मी परभणीला चढेन. विकणाऱ्याला अर्धा तास जड गेम चालवून दाखवायला सांगायचे ठरले आहे. झरोक्यात डोकावायला मी छोटा टॉर्च आणि तो रंगाचा ब्रश पिशवीत टाकून ठेवला आहे.