आमची वाटचाल : व्यसनाचा खर्च कुठल्या नावाखाली लपतो

अंधेरी, साकीनाका, भांडुप पट्ट्यातल्या लहान कारखान्यांचे ग्रुप मेडिक्लेम सांभाळणं हे आमचं मूळ काम. प्रीमियम का वाढला, हे मालकांना सांगण्यासाठी दावे बारकाईने वाचू लागलो आणि त्यातूनच कामगारांच्या व्यसनाचा आरोग्यखर्च मोजण्याकडे वळलो.

अडचण डिस्चार्ज कार्डापासूनच सुरू होते. दारूच्या व्यसनावरचे उपचार आणि त्याचे परिणाम वगळणारं कलम पॉलिसीत बहुधा असतं. मग आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला दारूच्या व्यसनाचा ‘एफ१०’ हा कोड कार्डावर क्वचितच उतरतो. तिथे लिहिलेलं असतं जठरदाह, फिट, पडून फ्रॅक्चर. नुसता एफ१० शोधला तर खर्च जवळजवळ शून्य निघतो, आणि मालक निर्धास्त होतो. हे फार घातक आहे.

म्हणून टीपीएकडून (विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडून) सलग ३ वर्षांचे दावे नावं काढून घेतो, दुय्यम निदानांसकट. एफ१०, के७० (दारूमुळे यकृताचा आजार) आणि के८५.२ (दारूमुळे स्वादुपिंडाचा तीव्र दाह) यांचं बिल पूर्ण धरतो. उच्च रक्तदाब, पक्षाघात, अपघात यांचा फक्त काही हिस्सा दारूचा. समजा, २० टक्के कामगार पितात आणि पिणाऱ्यांना तो आजार होण्याचा धोका दीडपट, म्हणजे ०.५ ने जास्त आहे. मग ०.२ × ०.५ = ०.१, त्याला १.१ ने (१ + ०.१) भागलं की सुमारे ९.१ टक्के. त्या आजाराची बिलं १० लाखांची असतील, तर दारूच्या खाती सुमारे ९१ हजार. एक भरती एकदाच मोजायची. नाहीतर दारू आणि फ्रॅक्चर असे दोन कोड असले की रक्कम हमखास दुप्पट होते. यकृत प्रत्यारोपणासारखं एखादं मोठं बिल वेगळं दाखवायचं, नाहीतर लहान कारखान्याची सरासरीच कोलमडते.

पिणाऱ्यांचं प्रमाण देशाच्या आकड्यावरून घेऊ नये. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ते १४.६ टक्के आहे, पण पुरुषांत २७.३ आणि स्त्रियांत १.६. सगळे पुरुष असलेल्या लेथ-शॉपला १४.६ लावलं की हिशेब निम्म्यावर येतो. आम्ही जागतिक आरोग्य संघटनेची १० प्रश्नांची ‘ऑडिट’ चाचणी मराठी-हिंदीत देतो. गुण ० ते ४०. ८ किंवा त्याहून जास्त म्हणजे धोका. कागद बिननावी, बंद पेटीत. सुपरवायझरने गोळा केले, तर सगळीकडे शून्यच येतं.

२१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार ईएसआय या सरकारी कामगार विमा योजनेत असतात. त्यांची बिलं कारखान्याकडे येतच नाहीत. तिथे खाडे बघावे लागतात, विशेषतः पगारानंतरचे आणि साप्ताहिक सुट्टीनंतरचे. त्यात बदली कामगाराचा ओव्हरटाइमही धरायचा. तंबाखूचा हिशेब वेगळा ठेवतो.

समुपदेशन सुरू झालं की पहिल्या वर्षी उपचारखर्च वाढलेला दिसू शकतो, कारण दडलेले आजार बाहेर येतात. हे मालकाला आधीच सांगतो, नाहीतर योजना वर्षभरात गुंडाळली जाते. अहवालात १० पेक्षा कमी माणसांचा गट दाखवत नाही. चाचणीचे गुण आणि दाव्यांची यादी एकमेकांना जोडून मागितली, तर साफ नकार देतो. ४० माणसांच्या कारखान्यात नुसतं वय आणि कामाचा विभाग कळला तरी माणूस ओळखू येतो.